कादिझला एक माणूस कमी भरला

माणसं बोटानं मोजायची नसतात. आमच्याकडच्या वयस्कर मंडळींना ते खपत नाही. आचऱ्याच्या एका आजींनी भर बसमध्ये माझं बोट धरून खाली केलं होतं आणि वर म्हणाल्या होत्या, "आमी काय कोंबडी आसव?" तेव्हापासून मी माणसं मोजणं सोडलं आणि रिकाम्या सीटा मोजायला लागले. बस एकोणपन्नास सीटांची, माणसं अडतीस, म्हणजे अकरा सीटा रिकाम्या दिसायला हव्यात. बारा दिसल्या की मी पुन्हा मागून मोजते. बहुतेक वेळा बाराव्या सीटवरची व्यक्ती वाकून पायाखालची पिशवी चाचपत असते. ती वर होते, बस सुटते, आणि पुढच्या थांब्यावर तेच सगळं पुन्हा.

परदेशी सहलींवर टूर मॅनेजर म्हणून मी बावीस वर्षं काम केलं. वेंगुर्ल्यात आमच्या वाडीत अजूनही पुष्कळांना वाटतं की मी बावीस वर्षं फुकटात फिरले. त्यांचा तो समज मी कधी खोडला नाही, कारण खरं काम सांगायला गेलं तर ऐकणाऱ्याला कंटाळा येतो. पासपोर्ट कुणाकडे आहेत, कुणाला कांदा-लसूण चालत नाही, कोणाचा गुडघा दुखतो, कोण कोणाशी बोलत नाही, पुढचं स्वच्छतागृह किती किलोमीटरवर आहे, हे सगळं डोक्यात घेऊन चेहऱ्यावर हसू ठेवायचं, हे ते काम. आणि मधल्या वेळात इतिहास सांगायचा.

इतिहास सांगायला मला मनापासून आवडायचं. मी इतिहासाचीच पदवीधर. स्पॅनिश मागाहून पुण्यात शिकले, तीही निव्वळ हट्टानं. त्यामुळे स्पेनच्या दक्षिण किनाऱ्याची सहल निघाली की ती माझ्याच वाट्याला यायची. अल्मेरियाला सुरुवात, मग किनारा धरून पश्चिमेकडे अल्मुन्येकार, मालागा, कादिझ, आणि शेवटी आत वळून सेव्हिल. हा किनारा मला परका वाटला नाही. माझे आजोबा वेंगुर्ल्याच्या बंदरावर मुकादम होते. जहाजं यायची थांबली की बंदराच्या गावाचं काय होतं, हे मला कोणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

आज सांगणार आहे ती गोष्ट याच सहलीतली. त्या वर्षी सगळी मंडळी सिंधुदुर्गातली होती. निवृत्त शिक्षक, बँकेतली माणसं, दोन दुकानदार कुटुंबं, आणि बांद्याजवळच्या एका गावातलं शेतकरी जोडपं, जयरामकाका आणि सुलोचनाकाकी. काजूची बाग, थोडं भात, दोन म्हशी. मुलगा शारजाला नोकरीला. त्यानंच आईवडलांचं सगळं बुकिंग केलं होतं. काका पंचाहत्तरीचे, उंच, कमी बोलणारे. काकी ठेंगणी, चपळ, सतत त्यांच्या डाव्या हाताशी.

आमच्याकडे प्रत्येकाच्या गळ्यात नाव, हॉटेल आणि माझा फोन नंबर लिहिलेलं कार्ड असतं. काकांनी पहिल्याच दिवशी ते काढून काकीच्या हातात दिलं.

"गळ्यात दावा बांधूक मी काय पाडो आसंय?"

वासराचं नाव निघताच सगळे हसले. मीही हसले आणि कार्ड काकीच्या पर्समध्ये राहू दिलं. ती पहिली चूक.

अल्मेरियाचं कॅथेड्रल मला फार आवडतं. दिसायला प्रार्थनेची जागा कमी आणि गढी जास्त. जाड भिंती, उंचावर खिडक्या, कोपऱ्यांना बुरूज. समुद्रावरून चाचे यायचे, गावातली माणसं धरून न्यायचे, म्हणून तिथल्या लोकांनी देवाच्या घरालाच तटबंदी घातली. काका त्या भिंतीला तळहात लावून उभे राहिले.

"ह्या कोणी बांदल्यान?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. पाचेक मिनिटांनी त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा सांगितलं. बसमध्ये चढताना तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा काकी मधेच बोलली, "त्यांका कमी आयकाक येता." वयस्कर माणसं तेच तेच विचारतात. मी मनावर घेतलं नाही.

अल्मुन्येकारला समुद्राजवळच्या बागेत रोमन काळातले दगडी हौद आहेत. त्यात मासे आणि मीठ घालून मुरवायचे, सुटलेलं पाणी गाळून घ्यायचे आणि ते मसाल्यासारखं जेवणात वापरायचे. इथून भरलेल्या कुप्या जहाजांनी रोमपर्यंत जायच्या. आमच्या बायकांना ती जागा भारी आवडली. एकीनं हौदात वाकून नाक मुरडलं आणि वास अजून येतो म्हणाली. याच गटात वेंगुर्ल्याचे सामंत सर होते, हायस्कूलमधून निवृत्त झालेले, हातात कायम वही. मी उत्साहाच्या भरात म्हटलं, मालागाचं जुनं नाव मालाका, ते मिठावरून आलं असं काही जण मानतात, आणि आपल्या मालवणचंही महालवण म्हणजे मीठच. सरांनी वहीतून मान वर केली. "मॅडम, काही जण म्हणजे कोण? पुरावा?" त्यानंतर मी त्यांच्यासमोर जपून बोलायला लागले. प्रत्येक सहलीत असा एक जण असतो. त्याच्यामुळे आपला अभ्यास पक्का राहतो, पण जेवण गोड लागत नाही.

मालागाला रोमन नाट्यगृह आहे, आणि बरोब्बर त्याच्या डोक्यावर मुस्लिम राजवटीतला किल्ला. किल्ला बांधताना खालच्या नाट्यगृहाचे खांब उचलून वर बसवलेले. मग नाट्यगृह मातीखाली गेलं आणि शेकडो वर्षं कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. गेल्या शतकात खोदकाम करताना ते सापडलं. ते बघायचं होतं त्या दिवशी सकाळी मी नाश्त्याची व्यवस्था पाहायला खाली उतरले, तर हॉटेलच्या दारात काका उभे. हातात पिशवी, पायात चपला, केस विंचरलेले.

"सावंतवाडीची गाडी गेली काय गो?"

मी थबकले. इतक्यात मागून काकी धावत आली, पदरानं तोंड पुसत, धाप लागलेली. "मस्करी करतत ते, बाय. सकाळी सकाळी तेंका मस्करी सुचता." तिनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली. काका मस्करी करणाऱ्यासारखे दिसत नव्हते. ते रस्त्याकडे बघत होते. काकीची नजर मात्र माझ्यावर होती. मला त्या नजरेतलं सगळं कळलं, आणि मी हसून म्हटलं, "गाडी नऊक आसा, काका. आधी चाय घेवया."

त्या क्षणी मी काकीला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं असतं तर मला कळवावं लागलं असतं. आजार लपवून आलेल्या माणसाला जिथे असेल तिथून परत पाठवायचं, असा आमचा नियम होता. मग विमानाची तिकिटं, मुलाचे फोन, काकीचं रडणं, बाकी छत्तीस जणांचा खोळंबा. मला ते नको होतं. म्हणून मी विचारलं नाही.

कादिझला आम्ही दोन दिवसांनी पोचलो.

हे शहर जमिनीला एका बारीक पट्टीनं चिकटलेलं आहे, बाकी तिन्ही बाजूंना समुद्र. फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलेलं, पश्चिम युरोपातल्या सर्वांत जुन्या शहरांपैकी एक. अमेरिकेशी चालणारा व्यापार सेव्हिलहून इथे आला, कारण सेव्हिलची नदी गाळानं भरत चालली होती आणि मोठी जहाजं वर जाईनात. मग इथल्या व्यापाऱ्यांनी घरांवर मनोरे बांधले. वर माणूस बसायचा आणि आपलं जहाज दिसतं का ते बघायचा. असे शंभरावर मनोरे अजून उभे आहेत. नंतर अमेरिकेतल्या वसाहती हातच्या गेल्या, जहाजं यायची थांबली, मनोरे तेवढे राहिले. हे सांगताना माझा आवाज नेहमी थोडा जड व्हायचा, आणि खरं सांगायचं तर मी तो थोडा जड करायचेही.

त्या दिवशी नगरपालिकेसमोरच्या चौकात मी मंडळींना पाऊण तासाची मोकळीक दिली. साडेअकराला सगळ्यांनी कारंज्याजवळ जमायचं, मग मनोरा बघायला जायचं. चौकातून बंदर दोन मिनिटांवर. साडेअकराला सगळे जमले. मी चौकात होते, सीटा नव्हत्या, म्हणून जोड्यांनी मोजलं. एक जोडी अर्धी निघाली.

काकी एका बाकाशी उभी होती. हातात दोन आइस्क्रीम, दोन्ही वितळून मनगटावर ओघळत होती. "मी हयसर रांगेत होतंय," ती म्हणाली. "ते बाकार होते. मी पाठ फिरवलंय तितक्यात..."

पहिली दहा मिनिटं कोणीच घाबरत नाही. सगळे सूचना देतात. स्वच्छतागृह पाहिलं, चर्च पाहिलं, चौकाभोवतीची दुकानं पाहिली. वीस मिनिटांनी आवाज बदलतात. अर्ध्या तासानं सगळे माझ्याकडे बघायला लागले.

सामंत सर पुढे आले. "मॅडम, मनोऱ्याची वेळ टळली. म्हणजे आता तो राहिलाच का?"

बावीस वर्षांत मी प्रवाशावर आवाज चढवला तो तेव्हाच. "सर, तुम्ही छत्तीस वर्षं वर्ग सांभाळलेत ना? मग हा वर्ग सांभाळा. या चौकातून एक माणूस हलता कामा नये."  सरांनी वही उघडली आणि खणखणीत आवाजात एकेकाचं नाव घेऊन हजेरी सुरू केली. पुढचे तीन तास दर अर्ध्या तासानं त्यांनी ती घेतली.

काकीकडून मला एवढंच कळलं की काकांना मधुमेह आहे, सकाळची गोळी घेतलीय आणि एकच्या आत पोटात काही गेलं पाहिजे. त्यांच्याजवळ फोन नव्हता, कार्ड नव्हतं, पैसे नव्हते. अंगात पांढरा शर्ट, तपकिरी पँट, बिनबाह्यांचा राखाडी स्वेटर. हिंदी मोडकंतोडकं, इंग्रजी नाही.

मला खात्री होती की ते कुठे असतील. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक छोटा वाळूचा किनारा आहे, आणि तिथून समुद्रात असलेल्या किल्ल्यापर्यंत दगडी वाट जाते. होड्या नांगरलेल्या, समोर पाण्यात किल्ला. मालवणची आठवण यावी अशी जागा. काकांना घर शोधायचं असेल तर ते तिकडेच जाणार. आमच्या बसचा ड्रायव्हर पाको मोठा भला माणूस. त्याला बाजारपेठेकडे पाठवलं आणि मी काकीला घेऊन किनाऱ्याकडे निघाले. निघाले कसली, धावलेच. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना उंच घरं, वाऱ्यानं पडदे बाहेर उडत होते. दिसेल त्याला विचारत होते, राखाडी स्वेटर, उंच म्हातारा. लोक थांबायचे, विचार करायचे, नाही म्हणायचे.

किनाऱ्यावर भरती चढत होती. वाटेच्या दोन्ही अंगांना लाटा दगडांवर आपटत होत्या. मी किल्ल्याच्या दारापर्यंत गेले. दार बंद होतं. गळ टाकून बसलेल्या तिघांना विचारलं. सकाळपासून असा कोणी आला नाही, असं तिघांनीही सांगितलं. मी पाण्याकडे बघायचं टाळत होते. काकी मात्र पाण्याकडेच बघत होती.

तिथे माझा एक तास गेला. मला त्याचा राग नंतर खूप वर्षं येत राहिला. समुद्रातला किल्ला माझ्या आठवणीतला होता. मी वेंगुर्ल्याची, किनाऱ्यावर वाढलेली. काका बांद्याकडचे, नदीकाठचे. मालवणचा किल्ला त्यांनी आयुष्यात एकदा पाहिला असेल. मी त्यांना माझ्या गावात शोधत होते.

पोलीस चौकीत टेबलामागे एक तरुण बाई होती, शांत आणि नेमकी. तिनं वय, उंची, कपडे विचारून टाइप केलं.

"भाषा?"

"मालवणी."

तिनं मान वर केली. "ही कुठे बोलतात?"

"आमच्या किनाऱ्यावर," मी म्हटलं. त्याहून जास्त काही सुचलं नाही.

"त्यांना काही आजार?"

मी काकीला विचारलं. मधुमेहाचं तिनं सांगितलं. पोलीसबाईनं मग टाइप करणं थांबवलं. "विसरण्याचा आजार? हे महत्त्वाचं आहे. त्याप्रमाणे शोध बदलतो."

मी भाषांतर केलं. काकी म्हणाली, "नाय. ते बरे आसत."

मला ते माहीत होतं. मालागाच्या दारापासून माहीत होतं. मी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि तिचे दोन्ही हात धरले. हात आइस्क्रीमनं अजून चिकट होते. "काकी, आता लपवू नकात. एक वाजान गेलो. खरा काय ता सांगा, नायतर ते सापडाचे नाय."

ती रडली नाही. नुसता आवाज बारीक झाला.

"दोन वर्सां झाली, बाय. डाक्टरान सांगितल्यान. फॉर्मार लिव नको म्हणान मीच झिलाक सांगितलंय. तेचो काय दोष नाय."

मी पोलीसबाईला सांगितलं, आजार दोन वर्षांचा आहे, बुकिंगच्या फॉर्मवर तो काकीनंच मुलाला लिहू दिला नव्हता. तिनं टाइप केलेलं पुसलं आणि नव्यानं लिहिलं. मग दोन फोन केले, भराभर. "असा माणूस शोधत फिरत नाही," ती मला म्हणाली. "तो कुठेतरी निघालेला असतो. त्याला वाटतं आपण जातोय तेच बरोबर आहे. बस, रेल्वे, बंदर, सगळीकडे कळवते."

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. काकीच्या पर्समध्ये डब्यात दोन लाडू होते. तिनं डबा उघडून पाहिला आणि पुन्हा लावला. दोन वाजले. अडीच वाजले. सव्वादोनला शारजाहून मुलाचा फोन येऊन गेला होता, रोजच्यासारखा, सहज. काकीनं तो घेतला आणि म्हणाली, "बरी आसव आमी. उन्हा बरी पडलीहत." फोन ठेवल्यावर मी तिचा हात माझ्या मांडीवर घेऊन धरून ठेवला. मला वाटत होतं, आता मला या बाईला घेऊन एकटीनं परत जावं लागणार. तो मुलगा विमानतळावर उभा असेल. मी त्याला काय सांगू? मालागाला मला कळलं होतं, हे सांगू?

पावणेतीनला पोलीसबाई दारात आली. ती हसत होती. तिच्या हसण्याचा अर्थ कळायला मला काही सेकंद लागले.

काका खाडीपलीकडे होते. कादिझच्या बंदरातून समोरच्या पुएर्तो दे सांता मारिया या गावाला प्रवासी बोट जाते, अर्ध्या तासाची वाट. त्या सकाळी आतल्या कुठल्याशा खेड्यातले निवृत्त लोक सहलीला आले होते, चाळीस जण. म्हातारी माणसं, स्वेटर घातलेली, हळूहळू चालणारी. त्यांची रांग बोटीकडे निघाली आणि काका त्या रांगेत लागले. तिकीट गटाचं एकच होतं. चढवून घेणाऱ्यानं त्यांना त्यांच्यातलाच एक समजून हात दिला. त्या गटाला घेऊन आलेली बाई, लोली तिचं नाव, पलीकडे उतरल्यावर माणसं मोजत होती. तिची एक्केचाळीस भरली.

पुढच्या बोटीनं आम्ही दोघी निघालो. वाऱ्यानं पाणी उडत होतं. काकी रेलिंग धरून उभी होती. आता ते सापडले होते, तरी मला धीर नव्हता. डोळ्यांनी बघेपर्यंत माझा कशावर विश्वास बसत नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काकी, इतक्या लांब आणलात कित्याक तेंका?"

तिनं पाण्याकडे बघतच सांगितलं.

"चाळीस वर्सां काजी वेचलंय, बाय. गुरा, शेती, सासू-सासऱ्यांचा दुखणा. ते म्हणत, झिलाचा शिक्षाण होवंदे, मगे तुका विमानात बसवतंय. तेंका आता ता आठवणा नाय. माका आठवता." मग थांबून म्हणाली, "डाक्टर म्हणालो, फुडे वळख जातली. मी म्हटलंय, माका वळखतत तवसर जावन येवया."

मीही तिच्या शेजारी रेलिंग धरून उभी राहिले.

धक्क्यावर एका लांब बाकावर पाच-सहा म्हातारे बसले होते. मधोमध काका. मांडीवर कागदाच्या पुडीत पाव आणि तळलेले मासे. शेजारच्या स्पॅनिश आजोबांना ते मालवणीत काहीतरी समजावून सांगत होते, हातानं झाडाची उंची दाखवत. ते आजोबा मान डोलवत स्पॅनिशमध्ये उत्तर देत होते. दोघांचं छान चाललं होतं.

काकीला बघून काकांनी पुडी तिच्यापुढे धरली. "इतको येळ खंय होतंस? मी तरीत चढलंय, म्हटलंय तू मागसून येतलंस."

तर म्हणजे नदी-खाडी पार करून देणारी होडी. बांद्याच्या नदीवर पूल झाले तरी त्या पिढीच्या मनात तर अजून चालते.

"इलंय मी," काकी म्हणाली आणि त्यांच्याशेजारी बसली. आता ती रडली, पण आवाज न करता, तोंडात माशाचा तुकडा असताना.

लोली जाडजूड, साठीची, पूर्वी नर्स होती. तिनं काकांची नाडी बघितली होती, आधी पाव मग मासे असं खायला घातलं होतं. मी तिचे आभार मानायला लागले, तर तिनं मला थांबवलं. "तीनदा मोजले. तीनदा एक जास्त. मी म्हटलं, म्हणजे आत्ता कुठेतरी कोणीतरी एक कमी मोजून वेडं होत असणार." आम्ही दोघी एकमेकींना मिठी मारून हसलो, आणि हसता हसता मी तिथेच जमिनीवर बसले.

त्या संध्याकाळी मी ऑफिसला फोन केला. नियमाप्रमाणे त्यांना सेव्हिलला न नेता परत पाठवायला हवं होतं. शेवटचे दोन दिवस राहिले होते. मी म्हटलं, जबाबदारी माझी. वरिष्ठ चिडले, मग लेखी द्या म्हणाले. मी लेखी दिलं. शारजाला फोनही मीच केला. मुलाचं पुन्हा पुन्हा एकच वाक्य: "माका वाटला होता आई सांभाळीत." त्याच्यावर रागवायचं मी ठरवलं होतं, ते जमलं नाही.

ते दोन दिवस मी झोपले असेन तर नावाला. सेव्हिलला मात्र काकांच्या उजव्या हाताशी सामंत सर होते. कोणी सांगितलं नव्हतं. ते त्यांना प्रत्येक खांब, प्रत्येक कमान समजावून सांगत होते. काका दर पाच मिनिटांनी तेच विचारत आणि सर दर वेळी पहिल्यांदाच सांगतोय असं सांगत. "मॅडम," ते मला म्हणाले, "असा एकाग्र विद्यार्थी मला नोकरीत मिळाला नाही."

ऑफिसला दिलेल्या अहवालात मी लिहिलं की प्रवाशाच्या आजाराची माहिती मला कादिझला, पोलीस चौकीत मिळाली. त्यावर कोणी शंका घेतली नाही. उलट प्रसंग चांगला हाताळला म्हणून कौतुक झालं, आणि पुढे नव्या मुलींच्या प्रशिक्षणात मला ही गोष्ट सांगायला बोलावू लागले. प्रत्येक वेळी मी गोष्ट कादिझच्या चौकापासून सुरू करायचे. मालागाच्या हॉटेलचं दार मी कधीच सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितेय. काकी घाबरून खोटं बोलली, मुलगा आईच्या शब्दाखातर बोलला. मी गैरसोय नको म्हणून गप्प बसले, आणि तिघांत माझंच कारण सगळ्यांत लहान होतं.

पुढच्या मे महिन्यात, काजूचा हंगाम सरत आला असताना, मी त्यांच्या घरी गेले. काका ओट्यावर बसले होते, बारीक झालेले. त्यांनी मला ओळखलं नाही. काकी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा त्यांनी तिच्याकडेही पाहुण्या बाईकडे बघावं तसं बघितलं. तिनं ते पाहिलं आणि माझ्या हातात पेला दिला.

"कधी वळखतत, कधी नाय," ती म्हणाली. "तू बस. त्यांका काय तरी सांग. सांगितलेला आवाडता तेंका."

काय सांगायचं? मला एकच सांगता येतं. मी कादिझबद्दल सांगायला लागले. तिन्ही बाजूंनी समुद्र असलेलं गाव, घरांवरचे मनोरे, जहाजांची वाट बघणारी माणसं. काका एकटक ऐकत होते. मधेच त्यांनी हात वर केला.

"चारय बाजून खारा पाणी," ते म्हणाले. "मगे पिवक पाणी खंयसून हाडीत?"

किती गट मी त्या गावाला नेले. प्राध्यापक नेले, इंजिनियर नेले. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी सांगितलं की रोमन लोकांनी कित्येक कोसांवरच्या झऱ्यांपासून दगडी पाट बांधून पाणी आणलं होतं. तो पाट मोडल्यावर लोकांनी घरांच्या अंगणाखाली टाक्या बांधल्या आणि पावसाचं पाणी साठवून वर्षभर पुरवलं.

काकांनी ते सगळं मनात नीट लावून घेतलं. वर घराच्या पन्हळीकडे बघितलं, खाली अंगणाकडे बघितलं.

"शाणी माणसा," ते म्हणाले. "ता गाव एकदा बघूक व्हया."

काकीनं त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल सारखा केला.

"जावया," ती म्हणाली.